भारासह चाचणी

वैशाख लागला तेव्हा टाकळवाडीत पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदाच, गुरुवारी येत होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. तरीही नऊ गावांचं मिळून रोज चार हजार लिटर दूध आमच्या सहकारी संस्थेच्या शीतकेंद्रात येत होतं, कारण गावोगावची जनावरं सरकारी चारा छावणीत होती आणि तिथं त्यांना ओली वैरण मिळत होती. छावणी सुंदरराव चालवत. दूध संस्थेचे चेअरमनही तेच. मी संस्थेचा सचिव होतो. म्हणजे ठराव लिहायचे, टपाल पाहायचं, विचारलं तर नियम सांगायचा. विचारत फारसं कुणी नव्हतं.

केंद्रातली यंत्रं धुळाजी सांभाळत असे. सुंदररावांची धाकटी बहीण वच्छलाबाई त्याची बायको. धुळाजीनं उमेदीची वीस वर्षं वडवणीच्या जिनिंगमध्ये इंजिनावर काढली होती. त्यात डावा कान गेला, उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. यंत्र ऐकू येत नसे, म्हणून तो त्यावर तळहात ठेवून उभा राही. जनावराला ताप आहे का बघावं तसा. मग म्हणे, "बेरिंग बोलायलंय." आणि ते खरं निघे.

त्या वर्षी वीज दिवसाचे चौदा तास नसे. मार्चमध्ये दूध दोनदा आंबलं. बीडहून आलेल्या दुधाच्या टँकरच्या ड्रायव्हरनं झाकण उघडून वास घेतला आणि पावतीवर 'नाकारले' लिहून तो रिकामा परत गेला. तेव्हा संस्थेनं डिझेलवर चालणारा जनरेटर घ्यायचं ठरवलं. नव्या यंत्रांसाठी म्हणून दिवाळीपासून सभासदांच्या दुधातून लिटरमागं दोन रुपये कापले जातच होते. तीन दरपत्रकं आली. सभा भरली तेव्हा सकाळचं दूध घालून झालं होतं, माणसं रिकाम्या कॅनवर बसली होती.

पहिला प्रश्न केसरबाईंनी केला. नवरा गेल्यावर त्यांनीच गाई सांभाळल्या आणि संस्थेत स्वतःच्या नावाचा शेअर घेतला होता. नऊ गावांत असं करणाऱ्या त्या पहिल्या.

"एकाच मापाची तीन यंत्रं म्हंता. मंग एक चार लाखाला, एक सहा चाळीसला अन् एक आठला, हे कावून?"

सगळ्यांनी धुळाजीकडं पाहिलं. तो भिंतीशी उभा होता. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या गळ्याच्या शिरा फुगत.

"आक्का, बैलांच्या किमती कावून वेगळ्या असतेत?"

"वय, दात, खांदा. अन् मालक किती लबाड हाय ते."

लोक हसले. धुळाजीही हसला आणि त्याचा गळा सैल झाला.

"तसंच हाय. पैलं म्हंजी ओझं किती वढतंय. आपले दोन कॉम्प्रेसर हायेत. चालताना ते जेवढी वीज खातेत त्याच्या तिप्पट सुरू होताना खातेत. गाडी चिखलातून काढताना बैल वाकतो ना, तसं. म्हनून साडेबासष्ट केव्हीएचं पायजे, चाळीसचं जागेवरच बसंल. दुसरं, नवं का जुनं. इंजिन किती तास चाललंय त्याचा काटा असतो, ते त्याचे दात. तिसरं, आतल्या गुंडाळ्या. तांब्याच्या असल्या तर महाग, अॅल्युमिनियमच्या स्वस्त. रंग मारला की वरून सारख्याच दिसत्यात. चौथं, कुनाला घंटाभर चालनारं पायजे, कुनाला चौदा तास. आपल्याला चौदा तास. मंग आवाज दाबायचा डबा हाय, वीज गेली की आपोआप सुरू करनारं पॅनल हाय. ते नसलं तरी चालंल, मी हाय की चालू करायला. आठवाल्यानं ते सगळं घातलंय. चारवाल्यानं गुंडाळी कशाची ते लिवलंच न्हाई."

"धुळाजीराव आज लई बोलायलेत," मागून कुणीतरी म्हणालं. "वच्छलाबाईनं सुट्टी दिली वाटतं."

"म्हंजी मधलं घ्यायचं?" सुंदररावांनी विचारलं. गोरापान, हसरा माणूस. धुळाजीशी बोलताना ते नेहमी त्याच्या उजव्या बाजूला बसत, त्याला ऐकू यावं म्हणून. "दाजी म्हंतील ते."

"मधलं. सहा चाळीसचं, नवं, तांब्याचं. पन घ्यायच्या आधी ओझ्याखाली बघायचं."

"ते कसं?"

"दोन पिंपं पानी. त्यात मीठ. लोखंडाच्या तीन पट्ट्या दोरीला टांगायच्या, एकमेकींना लागू द्यायच्या न्हाईत. यंत्राच्या तीन तारा त्यांना जोडायच्या अन् यंत्र चालू ठेवून पट्ट्या हळूहळू पान्यात सोडायच्या. जितक्या खोल, तितकं ओझं जास्ती. काटा सत्त्याऐंशी अँपिअरला जाऊन पाऊन घंटा थांबला तर यंत्र खरं. रिकामं काय, गाढवबी पळतंय."

"अन् त्या पान्याचं काय होतं?" केसरबाई म्हणाल्या.

"उकळतं. खारट होतं. फेकायचं."

 दोन पिंपं म्हणजे तीस घागरी.

"घेऊ की," सुंदरराव म्हणाले. "एवढा सौदा करायचा अन् तीस घागरींना भ्यायचं?"

मी ठरावात तसं लिहिलं.

*

यंत्र येणार त्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलली तेव्हा मी माझ्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. धुळाजीचं आणि माझं घर एका भिंतीचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मला समजतं, पण बहिऱ्या माणसाशी बायकोला मोठ्यानं बोलावं लागतं. वच्छलाबाई चुलीसमोर भाकरी थापत होत्या.

"दादा आलता दुपारी. जिलबी आनलीय तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? कावून?"

"कावून म्हंजी? भाऊ हाय माझा." मग थापण्याचा आवाज थांबला. "उद्या टँकरचा वार हाय."

"ठाव हाय."

"यंत्रबी उद्याच यायलंय. दादा म्हनला, बाया पान्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायलेल्या असतेत अन् तिथंच दाजीनं दोन पिंपं मिठात घातली, तर गाव चेअरमनला काई म्हननार न्हाई, तुला शिव्या दील. एवढं टाळा म्हनला. नव्या कोऱ्या यंत्राला काय बघायचं?"

"हे त्यो म्हनला का तू म्हनायलीस?"

"त्यो म्हनला. अन् मीबी." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मला रोज त्याच बायांत बसावं लागतं हो."

 ताटलीत जिलबी वाढल्याचा आवाज आला. मी पुस्तकाचं पान उलटलं, पण आधीचं वाचलेलं नव्हतं.

*

गुरुवारी अकराच्या सुमाराला टँकर आणि यंत्राचा ट्रक पाच मिनिटांच्या अंतरानं गावात शिरले. रस्त्याच्या कडेनं पिंपं लावलेली होती, प्रत्येकावर तैलरंगानं नाव. बायका पाइपाला झोंबत होत्या. धुळीत सांडलेल्या पाण्यावर कोंबड्या तुटून पडत होत्या. केंद्राच्या दाराशी साखळीच्या कप्पीनं यंत्र उतरवलं. हिरवागार रंग, उन्हात डोळ्यांत भरेल असा. बीडच्या दुकानदारानं आपला मेकॅनिक पाठवला होता, त्रिंबक नावाचा, तिशीतला, तेलकट बाह्यांचा.

धुळाजीनं तासांचा काटा पाहिला. "अकरा तास?"

"कारखान्यातली तपासनी असती," त्रिंबक म्हणाला. तो धुळाजीकडं न बघता दोर गुंडाळत होता.

इंजिन चालू झालं. धुळाजीनं त्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पत्र्यावर कितीतरी वेळ तसाच ठेवला. तळहात फिरवून खाली नेला, मागं नेला. मग म्हणाला, "ओझ्याखाली बघू."

त्यानं पट्ट्या तयारच ठेवल्या होत्या. घासून चकचकीत केलेल्या, वर लाकडी दांडकं. मिठाची पिशवी वच्छलाबाईंनी दिलेली. पाणी मात्र नव्हतं.

सुंदररावांनी नाही म्हटलं नाही. ते टँकरकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ए बायांनो! दाजीला दोन पिंपं पानी पायजे. मिठात घालून उकळायला. कोन देतंय?"

आधी कुणाला समजलं नाही. मग समजलं.

"उकळायला? माझ्या घरी लेकराला तोंड धुवायला न्हाई!"

"दूधवाल्यांना मस्ती आलीय."

"माझं पिंप घे बाबा धुळाजी," केसरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अन् मलाबी त्यातच शिजव. सुटंल एकदाची."

हसणं आणि शिव्या एकदम उसळल्या. वच्छलाबाई पाइपाजवळ होत्या. शेजारणीनं त्यांच्या हातातली घागर ओढून मागं सारली आणि म्हणाली, "तुमी मागून भरा, तुमच्याकडं उतू चाललंय." त्यांनी मान खाली घातली. धुळाजी ते पाहत होता. त्याच्या हातात तिन्ही पट्ट्या होत्या, लग्नात आहेर घेऊन उभ्या राहिलेल्या पण कुणी विचारत नसलेल्या पाहुण्यासारखा तो उभा होता.

सुंदरराव त्याच्या उजव्या कानाशी आले. "दाजी, तुमी म्हनत असाल तर माझ्या घरचं आनतो. बहिनीच्या नवऱ्याला मी खोटं यंत्र दीन का? पन ऱ्हाऊ द्या वाटलं तर ऱ्हाऊ द्या."

धुळाजीनं पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवल्या.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

मग ताबा घेतल्याचा कागद आला. तो मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, सुंदररावांनी सांगितला तसा: 'यंत्र चालवून पाहिले, भारासह चाचणी घेतली, समाधानकारक आढळले.' लिहिताना मला वाटलं होतं की चाचणी अजून व्हायची आहे. ती उद्या होईलच, असंही वाटलं होतं. धुळाजीनं कागद हातात घेतला. अक्षरावर बोट ठेवून वाचायची त्याची सवय होती. ते अर्धं बोट 'भारासह'वर थांबलं.

"भाऊ, हे भारासह…" तो मला म्हणाला.

सुंदरराव माझ्याकडं पाहत होते. त्रिंबकही.

"नमुनाच तसा असतो," मी म्हणालो.

धुळाजी माझ्या वाचनाला फार मान देत असे. त्यानं सही केली.

*

चार दिवस यंत्र नीट चाललं, कारण चारही दिवस नेमकी दूध यायच्या वेळी वीज होती आणि यंत्रावर एकच कॉम्प्रेसर लावायची पाळी आली. पाचव्या दिवशी वीज पहाटे गेली ती आलीच नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही वेळचं दूध टाकीत आलं. धुळाजीनं दुसऱ्या कॉम्प्रेसरचा खटका दाबला. इंजिन गुरगुरलं, काळा धूर टाकून बसलं, दिवे लालसर झाले आणि गेले. त्यानं पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मी गेलो तेव्हा तो यंत्राला दोन्ही हातांनी टेकून उभा होता. बंडी अंगाला चिकटलेली, आणि तो पुटपुटत होता, "बसतंय. चाळीसवानी बसतंय."

एकाच कॉम्प्रेसरवर तेवढं दूध गार होण्यासारखं नव्हतं. सकाळी अडतीसशे लिटर दूध आम्ही ओढ्यात सोडलं. ओढ्यात आठ महिने पाणी नव्हतं. फाटलेलं दूध तडकलेल्या चिखलाच्या भेगांतून खाली उतरत गेलं. नऊ गावांची माणसं काठावर उभी होती. कुणीतरी म्हणालं, "त्या दिवशी दोन पिंपं पान्याला रडलो आपन." तेवढंच.

दुपारपर्यंत गावात बोललं जात होतं की धुळाजीनं डिझेल विकलं आणि टाकीत रॉकेल ओतलं. कुठून सुरू झालं ते सांगता येणार नाही. सुंदररावांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर ते एवढंच म्हणत, "आपलंच मानूस हाय. काय बोलायचं?"

धुळाजीनं यंत्राचं मागचं झाकण उघडलं. आत हात घालून ब्लेडनं गुंडाळी जराशी खरवडली. तांबडी निघायला हवी होती, ती पांढरी निघाली. मग त्यानं यंत्रावर ठोकलेली, माप कोरलेली पट्टी दाखवली. पट्टी साडेबासष्टची होती, पण तिचे रिव्हेट नवे होते आणि तिच्याभोवतीच्या रंगाखाली आधीच्या मोठ्या पट्टीची कड दिसत होती.

"बीडला जाऊ, भाऊ," तो म्हणाला. "दुकानदारानं सुंदररावला फसवलं. त्याला इंजिनातलं काय कळतंय?"

त्याला खरंच तसं वाटत होतं.

*

बीडला दुकानदार भेटला नाही. गावाला गेलाय, म्हणाले. एसटी स्टँडासमोरच्या टपरीवर त्रिंबक चहा पीत होता. आम्हाला बघून तो उठला, पुन्हा बसला आणि आणखी दोन चहा सांगितले.

"काका, मी मजूर हाय. माझं नाव कुठं घेऊ नका."

"यंत्र कितीचं हाय?"

"चाळीसचं. कुठल्यातरी मोबाइल टॉवरखालचं, नऊ वर्सं घासलेलं. काटा मीच बदलला. तुमच्या चेअरमनला ठाव हाय. दोन लाख सत्तरला त्यांनीच पसंत केलं, बिल सहा चाळीसचं केलं. वरचं दोघांनी वाटून घेतलं."

धुळाजीनं मान वळवून उजवा कान पुढं केला. त्रिंबकानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, इकडंतिकडं बघत.

"पन मी तर ओझ्याखाली बघनार होतो. त्याला ठाव होतं ते," धुळाजी म्हणाला. त्रिंबकाच्या सांगण्यात चूक सापडली असं त्याला वाटलं असावं.

त्रिंबकानं कप खाली ठेवला. "मालकबी तेच म्हनले, तुमचा मानूस लोडवर बघंल अन् आपन अडकू. तुमचे चेअरमन हसले. म्हनले, यंत्र टँकरच्या वारी पाठवा. आमचा दाजी बायांसमोर पानी मागंल, पन घेनार न्हाई. म्हनले, तसला मानूस न्हाई त्यो."

"काय म्हनला?"

"तसला मानूस न्हाई त्यो."

धुळाजीनं हे मात्र एकदा ऐकलं असणार, पण त्यानं पुन्हा विचारलं. त्रिंबकानं तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पैसे देऊन तो निघून गेला.

परतीच्या एसटीत धुळाजी खिडकीशी बसला.  मला त्या कागदाविषयी काहीतरी बोलायचं होतं. मी वाक्य मनात दोन-तीन प्रकारे जुळवलं. वडवणी आली तेव्हा आम्ही उतरलो.

घरी त्यानं वच्छलाबाईंना सगळं सांगितलं, सावकाश, एक शब्द न गाळता. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी तुमाला अडवायला त्यानं मलाच पाठवलं."

"तुला कुठं ठाव होतं?"

"मला ठाव नव्हतं. त्याला ठाव होतं ना मी सांगीन म्हनून." थोड्या वेळानं त्या उठून बाहेर आल्या. उरलेली जिलबी फडक्यात होती, ती त्यांनी उकिरड्यावर नेऊन टाकली. त्यांच्या घरात अन्न टाकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

रविवारी केंद्रातच खास सभा लागली. सुंदररावांनी मला ताबा घेतल्याचा कागद वाचायला लावला. मी वाचला. 'भारासह चाचणी घेतली' म्हणताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"सही कुनाची हाय?"

"धुळाजीची."

"मी काई म्हनत न्हाई," सुंदरराव म्हणाले. "यंत्र चांगलं होतं असं ह्यांनीच लिवून दिलं. पाच दिवसांत त्याचं काय झालं, डिझेल कुठं गेलं, हे मी इचारनार न्हाई. केस करायची न्हाई. आपलं नातं हाय. त्यांनी काम सोडावं, झालं गेलं ओढ्याला मिळालं."

लोक धुळाजीकडं बघत होते. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. "मला पानी द्या," तो म्हणाला. "दोन नको, एकच पिंप द्या. आत्ता दाखवतो."

कुणी हललं नाही. गुरुवारच्या पाण्याला तीन दिवस झाले होते. प्रत्येकाच्या घरी तळ दिसत होता.

तेवढ्यात बाहेरून घासत ओढल्याचा आवाज आला. वच्छलाबाई होत्या, सोबत दुसरं कुणी नाही. मोळी ओढायच्या लाकडी फळीवर पिंप ठेवून, दोर खांद्याला लावून त्यांनी ते घरापासून ओढत आणलं होतं. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर दोराचा लाल वळ. पिंपात पाऊण पाणी होतं. त्यांच्या घरात तेवढंच पाणी होतं.

"वच्छे, कावून येड्यावानी करायलीस?" सुंदरराव उठले.

त्यांनी भावाकडं पाहिलं नाही. नवऱ्याला म्हणाल्या, "मीठ किती?"

धुळाजीनं मीठ टाकलं, पट्ट्या टांगल्या, तारा जोडल्या, बघ्यांना दहा हात मागं सारलं. यंत्र चालू झालं. रिकामं असताना ते गोड चालत होतं. त्यानं दोर ढिला सोडला. पट्ट्या पाण्याला टेकल्या आणि पिंपातून बारीक सुसू आवाज यायला लागला. मला काट्याशी उभं केलं होतं. मी मोठ्यानं वाचत होतो: दहा. अठरा. सत्तावीस. पाण्यावर वाफ धरली. पस्तीस. इंजिनाचा सूर खाली आला. एकेचाळीस. चव्वेचाळीस. धूर काळा झाला, पत्रा थरथरायला लागला. काटा क्षणभर कापला आणि खाली पडला. यंत्र बसलं. सत्त्याऐंशीच्या निम्म्याला.

नुसतं पाणी खदखदत होतं.

"नवं यंत्र सत्त्याऐंशीला पाऊन घंटा चालतं," धुळाजी म्हणाला. दुसरं काही बोलायची गरज नव्हती. सगळ्यांना कळलं होतं, ज्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं त्यांनासुद्धा.

सुंदरराव शांत होते. "मानलं," ते म्हणाले. "यंत्र कमी निघालं. मंग दाजी, हेच त्या दिवशी कावून केलं न्हाई? सही कावून केली?"

 ज्या बायकांनी शिव्या दिल्या होत्या त्या दाराशी उभ्या होत्या. धुळाजीनं त्यांच्याकडं बोट दाखवलं नाही. माझ्याकडंही दाखवलं नाही.

"मी सांगते," वच्छलाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी हा माझ्या घरी आला. जिलबी घिऊन आला. नवऱ्याला पानी मागू नको म्हनून सांग, असं मला म्हनला. मी सांगितलं. भाऊ हाय म्हनून सांगितलं. टँकरच्या वारी यंत्र ह्यानंच मागवलं. ह्याला ठाव होतं आपन कसे हाओत ते."



त्रिंबक साक्ष द्यायला येणार नव्हता, म्हणून धुळाजीनं एवढंच मागितलं की या खरेदीची जिल्ह्याच्या सहकार निबंधकाकडं तक्रार करावी, संस्थेच्या नावानं. मी ठराव लिहिला. अक्षर चांगलं आलं नाही.

"घ्या की मत," सुंदरराव म्हणाले. "लोकशाही हाय." मग घड्याळाकडं बघत, सहज बोलल्यासारखं, "लवकर आटपा. चार वाजता छावणीत पेंड वाटायचीय. दावनीला कुनाची जनावरं ऱ्हातील ती यादीबी आजच नवी करायची हाय."

मी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं?"

धुळाजीनं हात वर केला. अर्ध्या बोटांचा, मिठानं पांढरा झालेला.

मी वाट पाहिली. एकशे बारा सभासद होते. माणसं आपापल्या पायांकडं बघत होती. केसरबाईंचे दोन्ही हात पदराखाली होते. तोंड रागानं लाल झालेलं, पण हात पदराखालीच राहिले. छावणीत त्यांच्या चार गाई होत्या. धुळाजीची म्हैसही तिथंच होती.

दाराशी वच्छलाबाईंचा हात वर होता.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमचं नाव सभासदांत नाही. शेअर धुळाजीच्या नावावर आहे."

"ठाव हाय भावजी," त्या म्हणाल्या. हात त्यांनी खाली घेतला नाही.

मी लिहिलं: बाजूने एक. माझ्याही नावावर एक शेअर होता. मी मोजत होतो, हातात पेन होतं. मोजणाऱ्यानं मत देऊ नये असा नियम असावा असं मला तेव्हा वाटलं. नंतर मी उपविधींचं पुस्तक दोनदा वाचलं. तसा नियम नाही.

सभा उठली. माणसं भराभरा छावणीच्या वाटेला लागली. केसरबाई वच्छलाबाईंजवळ थांबल्या, काहीतरी बोलणार होत्या, मग त्याही गेल्या. सुंदरराव बहिणीपाशी आले. त्यांच्या तोंडावर खरंच दुःख होतं. ते त्यांना दाखवायचं होतं असं मला वाटत नाही.

"वच्छे, घरात पान्याचा थेंब न्हाई तुझ्या. चल घरी. तुझ्या वहिनीनं सैपाक केलाय. दाजीलाबी घे."

वच्छलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मोठ्या माणसासमोर घेतात तसा, कपाळापर्यंत.

"नको चेअरमन," त्या म्हणाल्या. "तुमी जा. तुमाला उशीर व्हाया लागलाय."

लहानपणापासून त्या भावाला अरे-तुरे करत आल्या होत्या. सुंदरराव काही वेळ तिथंच उभे राहिले. मग गेले.

धुळाजीनं तारा सोडल्या, पट्ट्या पुसून ठेवल्या. पाणी अजून हात घालवेल असं निवलं नव्हतं. दोघांनी मिळून पिंप कलतं केलं. खारं, गढूळ पाणी अंगणात पसरलं. एक कोंबडी धावत आली, चोच लावली आणि मान झटकून मागं सरली. रिकामं पिंप त्यांनी आडवं केलं आणि ढकलत ढकलत घरी नेलं. मी दप्तर बंद करून कुलूप लावलं.

टँकर यायला अजून चार दिवस होते.